वाढपी महाशय, आदिलाबादच्या पानात नक्की किती पडलं?

प्रति,
केंद्राचा पैसा जिल्ह्याजिल्ह्यांत वाटणारे वाढपी महाशय,
मुक्काम दिल्ली, तसेच हैदराबाद.

महाशय,

हे पत्र नेमकं कुणाच्या नावानं टाकावं, इथपासूनच अडचण आहे. दिल्लीला विचारलं तर उत्तर येतं, आम्ही राज्याला दिले. हैदराबादला विचारलं तर म्हणतात, दिल्लीनं दिलेच नाहीत. कलेक्टर कचेरीत गेलं की ऐकायला मिळतं, बजेट अजून वरून यायचंय. म्हणून ज्याच्या हातात पळी आहे त्यालाच लिहितो, मग तो कुठल्याही कचेरीत बसलेला असो. वाढपी ओळखीचा असला की पंगतीच्या टोकाला बसलेल्याच्या पानातही लाडू पडतो, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. आदिलाबाद हे तेलंगणाच्या पंगतीतलं उत्तरेचं शेवटचं पान आहे. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र लागतो. इथवर येईतो तुमचं भांडं रिकामं होतं, एवढीच तक्रार असती तर मी पत्र लिहिलं नसतं. भांड्यात किती होतं, आमच्या नावावर किती लिहिलं आणि आमच्या पानात प्रत्यक्ष किती पडलं, हे तीन आकडे एका कागदावर तुम्ही आम्हाला कधीच दाखवले नाहीत. तुमचा गुन्हा तो हा.

राज्याचा वाटा किती, हे मात्र सगळ्यांना पाठ आहे. केंद्रीय करांच्या वाटपात तेलंगणाचा हिस्सा चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात २.४३७ टक्के होता, तो पंधराव्याच्या काळात २.१०२ टक्क्यांवर आला. हैदराबादमध्ये त्यावर भाषणं झाली, पत्रं गेली, दिल्लीच्या वाऱ्या झाल्या. ते रास्तच होतं. पण दशांशाच्या तिसऱ्या अंकापर्यंत दिल्लीशी भांडणाऱ्यांनी त्यातला आदिलाबादचा वाटा कधी दशांशाच्या अलीकडेही सांगितला नाही.

आणि हे राज्य कशातून जन्मलं, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? आंध्रशी एकत्र येताना झालेल्या १९५६ च्या करारात तेलंगणाचा शिल्लक महसूल तेलंगणातच खर्च करायचा, असं ठरलं होतं. तो पाळला गेला नाही म्हणून १९६९ चं आंदोलन पेटलं. शिल्लक किती होती हे मोजायला कुमार ललित समिती नेमावी लागली, मग न्यायमूर्ती भार्गव समिती. पुढं पाणी, निधी आणि नोकऱ्या या तीन मागण्यांवर माणसं रस्त्यावर आली, पोरांनी जीव दिले आणि २ जून २०१४ ला राज्य झालं. आमच्या पैशाचा हिशेब द्या, एवढ्या एका वाक्यावर जे राज्य उभं राहिलं, त्याच्या सचिवालयानं जिल्ह्यानं तेच वाक्य उच्चारल्यावर कानावर हात ठेवावेत, याची मला चीड येते.

एकेकाळी जिल्ह्याच्या नावानं पैसा येत होता. २००६-०७ मध्ये केंद्रानं मागास क्षेत्र अनुदान निधी सुरू केला. त्यात देशातले २५० जिल्हे होते. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातले १३ होते आणि त्यांत आदिलाबाद होतं. २०१० मध्ये नक्षलप्रभावित जिल्ह्यांसाठी एकात्मिक कृती आराखडा आला, त्यातही आपलं नाव होतं. पैसा कशावर खर्च करायचा हे कलेक्टर, पोलीस अधीक्षक आणि वनाधिकारी अशी तिघांची समिती ठरवायची. त्या कामांत खोट नव्हती असं नाही. पण रकमेवर जिल्ह्याचं नाव होतं, त्यामुळं प्रश्न कुणाला विचारायचा ते कळत होतं. २०१५-१६ पासून मागास क्षेत्र निधी बंद झाला. आंध्र प्रदेश पुनर्रचना कायद्याखाली तेलंगणातल्या नऊ जुन्या मागास जिल्ह्यांना दरवर्षी प्रत्येकी ५० कोटी, म्हणजे एकूण ४५० कोटी द्यायचं ठरलं. काही हप्ते आले, मग थकले. राज्य सरकार थकबाकीची मागणी अजून करत आहे. दिल्ली हे पैसे देत नसेल तर दोष दिल्लीचा, यात वाद नाही. पण जे हप्ते आले त्यांतून नव्या आदिलाबाद जिल्ह्यात कुठल्या गावी काय उभं राहिलं, ही यादी हैदराबादनं चावडीवर का लावली नाही?

नवा आदिलाबाद म्हणालो, कारण ११ ऑक्टोबर २०१६ ला तुम्ही जिल्ह्याचे चार तुकडे केलेत. आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमुरम भीम आसिफाबाद. जुना जिल्हा सोळा हजार चौरस किलोमीटरचा आणि सत्तावीस लाखांचा होता. कचेरी जवळ आली, हे खरं. आसिफाबादच्या माणसाला पूर्वी आदिलाबाद गाठायला अख्खा दिवस मोडावा लागायचा. पण वाटपाचं काय झालं ते बघा. सिंगरेणीच्या कोळसा खाणी मंचिर्याल आणि आसिफाबादकडं गेल्या, तेव्हा २०१५ च्या कायद्यानं खाणबाधित जिल्ह्यांसाठी आलेला खनिज प्रतिष्ठानचा पैसाही तिकडंच गेला. मागास जिल्ह्याचे ५० कोटी मोजले गेले जुन्या एका जिल्ह्याचे आणि खाणारी तोंडं झाली चार जिल्ह्यांची. २०१८ मध्ये केंद्रानं आकांक्षित जिल्ह्यांची यादी काढली, तीत आसिफाबाद आलं, आदिलाबाद राहिलं. आसिफाबादला मिळालं याचा आनंदच आहे. पण नारनूर, गादिगुडा, इंद्रवेल्लीतल्या कोलाम आदिवासींच्या गुड्यांचं, म्हणजे पाड्यांचं, मागासपण नकाशावर रेघ मारल्यानं कमी झालं का? २०२३ च्या आकांक्षित तालुक्यांच्या यादीत नारनूरचा समावेश झाला आणि दोन वर्षांत त्या कामासाठी आदिलाबादला पंतप्रधान पुरस्कारही मिळाला. लक्ष दिलं तर इथली यंत्रणा आणि माणसं काय करून दाखवतात, याचा हा पुरावा तुमच्याच दप्तरात आहे. मग बाकीच्या मंडलांना तेवढं लक्ष कधी?

आता तुमच्या सूत्राबद्दल. पंधराव्या वित्त आयोगानं स्थानिक संस्थांचं अनुदान राज्याराज्यांत वाटताना ९० टक्के भार लोकसंख्येला दिला आणि १० टक्के क्षेत्रफळाला. राज्य वित्त आयोगाच्या शिफारशी नसतील तर राज्याच्या आतही हेच प्रमाण लावावं, असं सांगितलं. डोकी मोजून वाटलं की न्याय झाला, असं तुम्हाला वाटतं. २०११ च्या जनगणनेनुसार आत्ताच्या आदिलाबाद जिल्ह्यात ७ लाख ९ हजारांच्या आसपास माणसं राहतात आणि क्षेत्रफळ ४,१५३ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे चौरस किलोमीटरला १७१ माणसं. राज्याची सरासरी ३१२. तेवढ्याच माणसांपर्यंत पाणी, वीज आणि रस्ता पोचवायला आम्हाला जवळपास दुप्पट जमीन तुडवावी लागते. पाइपलाइन डोक्यावर मोजून घालत नाहीत, ती मीटरवर घालतात.

एखादं कोलाम गुडं बघायला या. वीस-पंचवीस घरं, कुडाच्या भिंती, मधे एक बोअर, त्याचा दांडा मोडला की ओढ्याचं पाणी. गुड्यापासून डांबरी सडक दोन-तीन किलोमीटरवर आणि मधे नाला. पावसाळ्यात नाल्याला पाणी चढलं की अडलेल्या बाईला खाटेवर निजवून चौघं खांदा देतात आणि कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडं नेतात, कारण ॲम्ब्युलन्स नाल्याच्या त्या काठाला थांबलेली असते. ग्रामसडक योजनेत सपाट प्रदेशातल्या वस्तीला रस्ता हवा तर ५०० लोकसंख्या लागते, आदिवासी भागात २५०. अतिमागास जमातींसाठी १५ नोव्हेंबर २०२३ ला आलेल्या पीएम-जनमन योजनेत ही अट १०० वर आणली. ते चांगलं केलं. तीन वर्षांसाठी २४,१०४ कोटी मंजूर झाले, त्यात केंद्राचे १५,३३६ कोटी आणि उरलेले राज्यांचे. आता नव्वद माणसांच्या गुड्यानं काय करायचं? अजून दहा पोरं जन्माला येईपर्यंत खाट वाहत राहायची? शिवाय मोजणी २०११ ची. २०२१ ला होणारी जनगणना २०२७ वर गेली. आज जी मुलं नववीत-दहावीत आहेत, त्यांतली कितीतरी तुमच्या हिशेबात अजून जन्मलेलीच नाहीत.

वाटणीच्या सूत्राची ही चूक मी एक वेळ समजून घेईन. हाताशी आलेला पैसा हट्टापायी सोडून दिला, ते मात्र समजून घेणं शक्य नाही. पैनगंगेच्या दोन्ही काठांना कापूस, सोयाबीन आणि तूर. दोन्ही काठांना मराठी बोलणारे आंध, प्रधान, कुणबी, माळी आणि त्यांच्या शेजारी गोंड, कोलाम. सोयरीक नदीच्या आरपार. नदीला पूर आला की जैनथ, बेला या मंडलांतली शेतं बुडतात आणि समोर यवतमाळची, वर किनवटकडची नांदेडची शेतंही बुडतात. पाणी राज्य बघत नाही. पण २०२० च्या खरिपापासून तेलंगण पंतप्रधान पीक विमा योजनेतून बाहेर पडलं. विम्याच्या हप्त्यावरचं अनुदान केंद्र आणि राज्य निम्मं-निम्मं भरतात. राज्यानं आपलं निम्मं भरायचं नाकारलं आणि केंद्राचं निम्मंही गेलं. नदीपलीकडच्या शेतकऱ्यानं २०२३ मध्ये एक रुपयात विमा काढला. त्याला भरपाई मिळताना खेटे घालावे लागले, रक्कमही कित्येकदा तुटपुंजी निघाली, हे त्याच्याच तोंडून ऐकलंय. पण दाद मागायला त्याच्याकडं पावती होती. अलीकडच्या शेतकऱ्याच्या हातात चिखल लागलेली बोंडं सोडून काहीच नव्हतं.

घरकुलांचंही तेच. ग्रामीण पंतप्रधान आवास योजना २०१६ पासून देशभर चालू झाली. तेलंगणानं आमची डबल बेडरूमची योजना वेगळी आहे म्हणून ती वर्षानुवर्षं राबवलीच नाही. नदीपलीकडच्या बहिणीला घरकुलाचा हप्ता मिळाला, अलीकडचा भाऊ डबल बेडरूमची वाट बघत पत्र्याखाली म्हातारा झाला. आयुष्मान भारत योजनेत यायलाही राज्याला २०२१ उजाडावं लागलं. पाटी कुणाच्या नावाची, फोटो कुणाचा, यावर दिल्ली आणि हैदराबाद भांडत राहिले. त्या भांडणाची किंमत कुणी भरली, हे सांगणारी रक्कम कुठल्याच बजेटच्या पुस्तकात सापडत नाही. ती तुम्ही काढा आणि जाहीर करा.

आणि आता पंचायतींचं, जे मला सर्वांत जास्त लागलं. ग्रामपंचायतींची मुदत २०२४ च्या जानेवारीअखेर संपली. निवडणुका वेळेत घेणं हे राज्याचं काम. वित्त आयोगाची अट सरळ आहे: निवडून आलेली पंचायत नसेल तर अनुदान नाही. राज्यात साडेबारा हजारांवर पंचायती आहेत, आदिलाबाद जिल्ह्यात पावणेपाचशेच्या आसपास. सगळीकडं स्पेशल ऑफिसर बसवले आणि केंद्राचा पैसा अडला. मागासवर्गीयांना ४२ टक्के आरक्षण देण्यासाठी थांबलो, असं कारण सांगितलं गेलं. मागासवर्गीयांना वाटा मिळालाच पाहिजे, मी त्याच बाजूचा आहे. पण त्याचा आदेश निघाला सप्टेंबर २०२५ च्या अखेरीला, आणि तोसुद्धा उच्च न्यायालयानं निवडणुका घ्या म्हणून मुदत घालून दिल्यावर. ऑक्टोबरात न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली आणि डिसेंबर २०२५ मध्ये शेवटी आरक्षणाच्या जुन्या मर्यादेतच निवडणुका झाल्या. म्हणजे मागासवर्गीयांना जागाही वाढवून मिळाल्या नाहीत आणि बावीस महिने गावाचा पैसाही अडला.

त्या बावीस महिन्यांत गावात काय झालं, ते तुमच्या फायलीत नसेल. राज्य सरकारच्या पल्ले प्रगती कार्यक्रमात प्रत्येक पंचायतीला ट्रॅक्टर, ट्रॉली आणि पाण्याचा टँकर घ्यायला लावला होता. कर्जाचा हप्ता पंचायतीच्या माथी. निधी थांबला तसं डिझेल थांबलं. ट्रॅक्टर पंचायतीच्या आवारात उभा राहिला, चाकांत हवा राहिली नाही, ट्रॉलीत ओला कचरा कुजत पडला. पंचायत सेक्रेटरीनं आधी स्वतःच्या पगारातून डिझेल भरलं, मग उधारीवर, मग पंपवाल्यानं उधारी बंद केली. सेक्रेटरींनी ट्रॅक्टरच्या किल्ल्या मंडल कार्यालयात नेऊन दिल्याच्या बातम्या आल्या. सफाई करणाऱ्या, पाणी सोडणाऱ्या, दिवे लावणाऱ्या कामगाराला महिन्याला साडेनऊ हजार मिळायला हवेत. ते महिनोन्‌महिने अडले, तरी सकाळी झाडू घेऊन तोच माणूस रस्त्यावर होता. पावसाळ्यात डासांची फवारणी, विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर, जळालेला बोअरचा मोटरपंप, सगळं याच पैशातून व्हायचं. एजन्सी म्हणजे आदिवासी भागात मलेरिया, डेंग्यू आणि तापाच्या साथी दर पावसाळ्यात येतात, हे आरोग्य खात्याला माहीत आहे. तेव्हा अडवलेला पैसा फक्त कागदावरचा होता, असं कृपा करून म्हणू नका.

तुम्ही म्हणाल, जिल्हावार हिशेब काढणं अवघड. हे मी मानत नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी महाराष्ट्रात प्रा. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीनं आजच्यासारखी संगणकप्रणाली नसताना हे काम केलं. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने अशा एकेका बाबीत प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागं आहे, हे मोजून १९८४ मध्ये अहवाल दिला आणि एकूण ३,१८६.७८ कोटींचा अनुशेष मांडला. त्या अहवालानं विदर्भ-मराठवाड्याचं सगळं दुखणं गेलं नाही, अनुशेष पुढं वाढलाच. पण यवतमाळ किंवा नांदेडच्या आमदाराला विधानसभेत उभं राहून आकडा सांगता येऊ लागला. तिथं जिल्हा नियोजन समितीचा वार्षिक आराखडा वर्तमानपत्रात छापून येतो. पालकमंत्र्याला त्यावरून धारेवर धरता येतं. आमच्या जिल्ह्याच्या माणसाच्या हाती असा एक कागद नाही.

शिवाय तुमच्याकडं दांडेकरांकडं नव्हती ती साधनं आहेत. जुलै २०२१ पासून प्रत्येक केंद्रपुरस्कृत योजनेचा पैसा राज्यपातळीवरच्या एकाच नोडल खात्यातून जाऊ लागला आणि खालच्या कचेऱ्यांना फक्त खर्चाची मर्यादा मिळू लागली. प्रत्येक देयक केंद्राच्या संगणकप्रणालीत नोंदलं जातं. कुठल्या गावच्या कुठल्या ठेकेदाराला कुठल्या तारखेला किती गेले, हे तुम्हाला बसल्या जागी दिसतं. आकडा उपलब्ध नाही, हे वाक्य आता खोटं आहे.

आकडा उघड असला की काय होतं तेही सांगतो. आदिलाबादच्या रिम्स या सरकारी रुग्णालयात सुपर स्पेशालिटी इमारत केंद्राच्या आरोग्य सुरक्षा योजनेतून झाली. १५० कोटींत १२० केंद्राचे, ३० राज्याचे, हे लोकांना माहीत होतं. २०१३ ला मंजूर झालेलं हे रुग्णालय २०२२ ला सुरू झालं, उशीर झाला, पण लोकांनी विचारणं सोडलं नाही, कारण काय विचारायचं ते ठाऊक होतं. उलट केंद्राच्याच सिमेंट कॉर्पोरेशनचा आदिलाबादचा कारखाना नव्वदच्या दशकात बंद पडला, पुढं यंत्रं मोडीत काढायची वेळ आली. आरमूर-आदिलाबाद रेल्वेची सर्वेक्षणं ऐकून एक पिढी म्हातारी झाली. या जिल्ह्यात केंद्रानं किती घातले आणि किती काढून नेले, हे एकत्र मांडलेलं असतं तर या दोन्ही गोष्टी इतक्या गुपचूप पडून राहिल्या नसत्या.

पैसा आला म्हणजे सगळं आलं, असंही मी म्हणत नाही. पूर्वी आपल्याच जिल्ह्यात असलेल्या केरामेरी मंडलाच्या सीमेवर परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा अशी चौदा गावं आहेत. महाराष्ट्र त्यांना जिवती तालुक्यात मोजतो, तेलंगण आसिफाबादमध्ये. दोन रेशनकार्डं, दोन शाळा, दोन्हीकडं मतदान. दोन्ही राज्यांच्या कागदांवर त्यांच्यावर खर्च पडतो, आणि तिथला शेतकरी जमिनीच्या पट्ट्यासाठी अजून वणवण करतो. माणूस तुमच्या तक्त्यात दोनदा आला तरी त्याचं काम एकदाही होत नाही, हे वाटपाच्या पद्धतीचं अपयश आहे, आणि ते तुमच्या खात्यावर जमा आहे.

म्हणून मागणी एकच. दरवर्षी ३० जूनच्या आत, सरलेल्या आर्थिक वर्षात केंद्राच्या प्रत्येक योजनेतून आदिलाबाद जिल्ह्यासाठी किती मंजूर झाले, किती आले, किती खर्चले आणि किती परत गेले, याचं एक पत्रक मंडलवार छापा. तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी आणि कोलामीत ते पंचायतीच्या भिंतीवर लावा. फेब्रुवारी २०२४ ते डिसेंबर २०२५ या काळातल्या वित्त आयोगाच्या अडलेल्या रकमेचा पंचायतवार हिशेब त्या पत्रकात पहिल्या पानावर असू द्या. माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम तुम्हाला न मागता माहिती उघड करायला सांगतं. हा कायदा २००५ चा आहे.

आणि डिसेंबरात निवडून आलेल्या सरपंचांनो, वॉर्ड मेंबरांनो, तुम्हालाही सांगतो. येत्या ग्रामसभेत या पत्रकाची मागणी करणारा ठराव घ्या, सेक्रेटरीकडून त्यावर सही-शिक्का घ्या, एक प्रत मंडल विकास अधिकाऱ्याच्या (एमपीडीओ) कार्यालयात द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

आपला,
पैनगंगेच्या अलीकडच्या काठावरचा एक ग्रामस्थ
जि. आदिलाबाद